टिंपानॉन आणि किंबाला : ग्रीक धर्मनृत्यातील आघातवाद्यांचे 'परकेपण'

प्राचीन ग्रीक संगीताविषयी आजवर जे लेखन झाले आहे त्याचा फार मोठा भाग लायरा व किथारा ही तंतुवाद्ये आणि औलॉस हा जोडपावा यांभोवती फिरत आला आहे. असे होणे स्वाभाविक होते. स्वरसप्तकांची व्यवस्था, स्वरांतरांची गणिते, रागसदृश स्वरावलींचे नैतिक परिणाम या विषयांवर ग्रीकांनी स्वतःच विपुल लिहून ठेवले आहे. आघातवाद्यांवरील स्वतंत्र ग्रंथ मात्र आपल्यापर्यंत आलेला नाही. ॲरिस्टॉक्सेनसच्या लयविषयक ग्रंथाचा जो त्रोटक भाग उपलब्ध आहे तोही शब्द, गीत व देहगती यांच्या कालमानाविषयी बोलतो. चामड्याच्या वा काशाच्या वाद्याविषयी नव्हे. परिणामी ही वाद्ये आपल्याला दोनच मार्गांनी कळतात. कवी, वक्ते व इतिहासकार यांनी ओघाओघात केलेले उल्लेख हा एक मार्ग, आणि मृत्पात्रांवरील चित्रे व देवस्थानांतून सापडलेल्या वस्तू हा दुसरा. हे दोन मार्ग एकाच ठिकाणी जात नाहीत. वाङ्मय सांगते की टिंपानॉन, म्हणजे ग्रीकांचा डफ, हे फ्रिजियातून आलेले परके, बायकी आणि काहीसे हलके वाद्य आहे. वस्तूंचा पुरावा या विधानाला दुजोरा देत नाही. पाठ्यग्रंथांतून वाङ्मयातील विधान इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की ते इतिहासातील सिद्ध गोष्ट असल्यासारखे वाटू लागते. हे परकेपण वाद्याच्या इतिहासातले नसून इ. स. पू. पाचव्या व चौथ्या शतकांतील अथेनियन पुरुषांच्या मतातले आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

प्रथम वाद्यांचा परिचय करून घेतला पाहिजे. आपल्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे जे चार वर्ग केले तेच येथे सोयीचे आहेत. ब्रुसेल्स येथील संग्रहालयाच्या १८८० सालच्या सूचीत व्हिक्टर महियों यांनी याच भारतीय विभागणीचा आधार घेतला, आणि १९१४ मध्ये हॉर्नबॉस्टेल व झाक्स यांनी तिच्यावरूनच आपली सर्वपरिचित पद्धती बांधली, हे येथे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही. धर्मनृत्यात वापरल्या जाणाऱ्या ग्रीक आघातवाद्यांपैकी टिंपानॉन हे अवनद्ध, तर क्रोटाला, किंबाला व क्रूपेझा ही घन वाद्ये होत.

टिंपानॉन म्हणजे उथळ लाकडी कड्यावर ताणलेले कातडे. चित्रांतील माणसांच्या प्रमाणावरून पाहता त्याचा व्यास साधारणतः एक ते दीड फूट असावा. वादक ते डाव्या हातात उभे धरते आणि उजव्या हाताच्या बोटांनी किंवा तळव्याने वाजवते. काठीचा उपयोग होत नाही. आपल्याकडील डफाशी किंवा दिमडीशी त्याचे रूप जुळते, परंतु रूपसाम्यावरून वंशसंबंध काढण्याचा मोह टाळला पाहिजे. कड्यावर कातडे ताणण्याची कल्पना जगात अनेक ठिकाणी आढळते. क्रोटाला म्हणजे एका टोकाशी चामड्याने जोडलेल्या लाकडाच्या, क्वचित हाडाच्या वा धातूच्या, दोन चपट्या पट्ट्या. नर्तकी प्रत्येक हातात एकेक जोड घेते. चिपळ्यांची आठवण यावी असेच हे साधन आहे. किंबाला या काशाच्या लहान वाटीदार झांजा. वाटी या अर्थाच्या शब्दावरूनच त्यांचे नाव आले. क्रूपेझा ही बिजागरीची लाकडी खडाव असून औलॉसवादक ती पायात घालून समूहनृत्याचा ठेका धरीत असे. पुढे रोमनांनी तिला 'स्काबेलम' म्हटले.

या यादीपेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. औलॉसवादकाला दोन नळ्या एकाच वेळी फुंकाव्या लागत. गालांवर ताण येऊ नये म्हणून तो पुष्कळदा चामड्याचा पट्टा तोंडाभोवती बांधी. असा वादक सामान्यतः नृत्याच्या बाजूला उभा राही, आणि अनेकदा तो पैसे देऊन आणलेला व्यावसायिक असे. टिंपानॉन, क्रोटाला आणि किंबाला यांची गोष्ट वेगळी आहे. ही वाद्ये नाचणारी व्यक्तीच वाजवते. नाचताना हात मोकळे राहण्याऐवजी ते वाजू लागतात एवढाच फरक. म्हणजे या नृत्यात वादक आणि उपासक असे दोन वर्ग पडत नाहीत. ज्या उपासकमंडळाजवळ व्यावसायिक वादक नेमण्याइतका पैसा नाही त्यालाही ती परवडतात. बाहेरच्या निरीक्षकाला मात्र त्यांतून प्रथम ऐकू येतो तो गोंगाट.

आता वाङ्मयाचा पुरावा पाहू. होमरच्या दोन्ही महाकाव्यांत टिंपानॉनचा उल्लेख नाही. 'होमरची' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्तोत्रसंग्रहात देवमातेचे एक अगदी छोटे स्तोत्र आहे; त्यात क्रोटाला, टिंपानॉन आणि औलॉस यांचा नाद देवीला प्रिय असल्याचे म्हटले आहे. या स्तोत्रात देवी परदेशची असल्याचे सूचित करणारा एकही शब्द नाही. पिंडारची साक्ष याहूनही स्पष्ट आहे. थीब्झ नगरासाठी त्याने रचलेल्या एका डिथिरँबचा भाग ऑक्सिरिंकस येथील पपायरसांत मिळून १९१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात डायोनिससचा उत्सव खुद्द ऑलिंपसवर देवच साजरा करीत आहेत. त्याचा आरंभ महामातेच्या सान्निध्यात टिंपानॉनच्या गरगरत्या नादाने होतो, मागोमाग क्रोटाला वाजतात आणि मशाली पेटतात. पिंडार हा परंपराभिमानी, कुलीनांचा कवी. टिंपानॉन त्याला लाजिरवाणे वाटले असते तर त्याने ते झ्यूसच्या दरबारात नेले नसते. शिवाय त्याच्याच एका गीतावरून कळते की देवमातेची उपासना त्याच्या दारापाशी होत असे आणि रात्री मुली तेथे गात.

अथेन्समधील सूर वेगळा आहे. इस्किलसच्या एका लुप्त नाटकातील काही ओळी स्ट्रेबोने जतन केल्या आहेत. थ्रेसमधील कोटिटो देवीच्या उत्सवाचे ते वर्णन आहे, आणि टिंपानॉनचा नाद तेथे जमिनीखालच्या मेघगर्जनेसारखा भयप्रद आहे. इ. स. पू. ४०५ च्या सुमारास, कवीच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आलेल्या युरिपिडीसच्या 'बॅकी' या नाटकात तर टिंपानॉन हेच संघर्षाचे चिन्ह होऊन बसते. नाटकाच्या आरंभीच डायोनिसस आपल्याबरोबर आलेल्या आशियाई स्त्रियांना फ्रिजियातील टिंपानॉन उचलावयास सांगतो. राजा पेन्थिअस पुढे धमकी देतो की या बायकांना आपण पकडू, विकून टाकू किंवा हातमागावर बसवू, म्हणजे त्यांचे हात कातडे बडवावयाचे थांबतील. माग आणि डफ यांतील हा विरोध नाटककाराने मुद्दाम योजला आहे यात शंका नाही; स्त्रीचे हात कोणाच्या सत्तेखाली असावेत हाच नाटकातील प्रश्न आहे.

परंतु याच नाटकाच्या पहिल्या समूहगीतात टिंपानॉनची जी जन्मकथा येते ती फ्रिजियाची नाही. तेथे म्हटले आहे की क्रीटमधील गुहेत, बाल झ्यूसच्या जन्मस्थळी, कोरिबांटांनी हे वाद्य शोधून काढले, औलॉसच्या नादाशी त्याचा मेळ घातला आणि ते रिआ मातेच्या हाती दिले. तिच्याकडून ते सॅटरांनी मिळवले आणि डायोनिससच्या नृत्यांत आणले. एकाच नाटकात, शंभर ओळींच्या आत, दोन जन्मस्थाने. स्ट्रेबोने आपल्या भूगोलाच्या दहाव्या खंडात या क्रीट-फ्रिजिया गुंत्यावर पुष्कळ पाने खर्च केली, आणि त्याच्यानंतरच्या अभ्यासकांनीही. प्रस्तुत लेखकाला यातून एवढेच दिसते की युरिपिडीसला वाद्याचा उगम ठाऊक नव्हता आणि त्याची त्याला फिकीरही नव्हती. त्याला एक अतिप्राचीन व दूरस्थ उगम हवा होता; क्रीट काळाने दूर, फ्रिजिया स्थळाने दूर.

विनोदी नाटकांतील उल्लेख अधिक मोलाचे आहेत, कारण विनोद प्रेक्षकांच्या रोजच्या अनुभवावर चालतो. इ. स. पू. ४११ मधील 'लिसिस्ट्राटा' या नाटकाच्या पहिल्याच ओळींत नायिका तक्रार करते की बायकांना बॅकसच्या, पॅनच्या किंवा जननदेवतेच्या उत्सवाला बोलावले असते तर टिंपानॉनांच्या गर्दीतून वाट काढणे अशक्य झाले असते. पुढे एक अधिकारी बायकांच्या टिंपानॉनवादनाविषयी, सबाझिऑसच्या जयघोषांविषयी आणि छपरावर चाललेल्या अडोनिसच्या विलापाविषयी चडफडतो. म्हणजे अथेन्समध्ये हे वाद्य घरोघर होते. जे घरोघर आहे ते परके कसे, हा प्रश्न ॲरिस्टोफेनीसच्या प्रेक्षकांना पडला नसावा. 'वास्प्स' या इ. स. पू. ४२२ च्या नाटकात मुलगा आपल्या बापाचे न्यायालयाचे वेड घालवण्यासाठी त्याला कोरिबांटांच्या विधीला नेतो. पण म्हातारा टिंपानॉनसकट निसटून थेट न्यायालयात जाऊन बसतो. या विनोदामागे एक गंभीर उपचारपद्धती होती. प्लेटोने 'लॉज' या ग्रंथात तिची उपपत्ती दिली आहे. तान्ह्या मुलाला आई शांत ठेवून नव्हे तर झुलवून झोपवते. त्याचप्रमाणे मनातील भयाची आतली गती नृत्य-वाद्याच्या बाहेरच्या गतीने जिंकली जाते, असे तो म्हणतो. प्लेटो हा औलॉसला आपल्या आदर्श नगरात थारा न देणारा तत्त्वज्ञ आहे हे लक्षात घेतले म्हणजे या उताऱ्याचे वजन कळते. विधी त्याने जवळून पाहिला असला पाहिजे.

न्यायालयातील भाषणांत विनोद संपतो. इ. स. पू. ३४३ मध्ये इस्किनीसवर आरोप करताना डेमॉस्थेनीस त्याच्या आईचा, ग्लॉकोथिआचा, उल्लेख करतो आणि ती ज्या प्रकारची उपासकमंडळे जमवी तशाच कृत्याबद्दल दुसऱ्या एका पुजारिणीला देहदंड झाला होता याची न्यायमंडळाला आठवण देतो. तेरा वर्षांनी, 'मुकुटाविषयी' या सुप्रसिद्ध भाषणात, तो त्याच ग्लॉकोथिआला 'टिंपानॉन वाजवणारी' म्हणून हिणवतो. ऐकणाऱ्यांना या एका शब्दाने सगळे कळत होते. वक्त्याची शिवी हा ऐतिहासिक पुरावा म्हणून वापरताना सावध राहावे लागते. पण टिंपानॉन वाजवणे हा एखाद्या स्त्रीच्या कुलीनतेवर डाग ठरू शकतो, आणि प्रसंगी त्याहून भयंकर काही घडू शकते, एवढे त्यावरून निश्चित होते.

हे सर्व उल्लेख एकत्र ठेवले की परकेपणाचे चित्र पूर्ण झाल्यासारखे दिसते. तथापि हिरॉडोटसने सांगितलेली एक कथा ते उलटे करून टाकते. सिथियन राजपुत्र अनाखार्सिस परदेशप्रवासाहून परतताना कीझिकस येथे उतरला. तेथील लोक देवमातेचा मोठा उत्सव करीत होते. सुखरूप घरी पोहोचल्यास आपणही असाच उत्सव करू असा त्याने नवस केला आणि मायदेशी परतल्यावर हिलाया नावाच्या अरण्यात हाती टिंपानॉन घेऊन तो फेडला. कोणीतरी हे पाहून राजा सॉलिऑसला कळवले, आणि राजाने बाण मारून त्याला ठार केले. हिरॉडोटसच्या मते हा परक्या, म्हणजे ग्रीक, चालीरीती स्वीकारल्याचा दंड होता. कीझिकस ही ग्रीकांची वसाहत होती. अथेनियन वक्त्याला जे वाद्य फ्रिजियन वाटते तेच सिथियन राजाला ग्रीक वाटते, आणि दोन्ही ठिकाणी परिणाम एकच होतो.

याच वृत्तीचा आणखी एक नमुना आपल्या देशाशी संबंधित आहे. ॲरिअनने आपल्या 'इंडिका'त मेगॅस्थेनीसच्या आधारे लिहिले आहे की डायोनिससने भारतात येऊन येथील लोकांना नगरे वसवावयास आणि शेती करावयास शिकवले, तसेच झांजा व डफ वाजवून देवांची पूजा करावयास आणि सॅटरांचे नृत्य करावयासही शिकवले. ग्रीक दूताने भारतात मिरवणुकीतील वाद्ये पाहिली-ऐकली असतील हे सहज संभवते. पण ती ऐकताच त्याच्या मनात जी कथा तयार झाली ती भारताविषयी काही सांगत नाही. टिंपानॉन आणि किंबाला यांचा नाद म्हणजे डायोनिसस, ही सांगड ग्रीक मनात किती घट्ट बसली होती एवढेच ती सांगते. येथे वाद्य परक्याकडून ग्रीकांकडे येत नाही. ग्रीकांकडून परक्याकडे गेले असे समजले जाते. दिशा बदलली तरी कथेचा साचा तोच राहिला.

वस्तूंकडे वळल्यावर पहिला प्रश्न अर्थातच फ्रिजियाचा. तेथील देवीला तिचे भक्त 'माटर' म्हणत. कड्यांमध्ये कोरलेली तिची दारे व मूर्ती मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. तिच्या हाती शिकारी पक्षी असतो, वाडगा असतो. टिंपानॉन मात्र फ्रिजियन मूर्तींत नाही. बोआझकॉय येथे सापडलेली आणि कुर्ट बिटेल यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेली माटरची मूर्ती या बाबतीत विशेष बोलकी आहे. ती इ. स. पू. सहाव्या शतकातली असून देवीच्या दोन्ही बाजूंस दोन छोटे वादक उभे आहेत. एक जोडपावा वाजवतो आहे आणि दुसऱ्याजवळ तंतुवाद्य आहे. जिथे टिंपानॉन असावयास हवे होते तिथेच ते नाही. लिन रोलर यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात हा सर्व पुरावा तपासून टिंपानॉन हे देवीचे चिन्ह ग्रीकांनीच तिला दिले असा निष्कर्ष काढला आहे. हा निष्कर्ष मान्य करण्याखेरीज गत्यंतर दिसत नाही.

मग वाद्य आले कोठून? कड्यावरचा डफ वाजवणाऱ्या स्त्रियांच्या मृण्मूर्ती सायप्रस व फिनिशियात फार आधीपासून मिळतात, आणि मेसोपोटेमियातील परंपरा त्याहूनही जुनी आहे. म्हणून पूर्वेकडील उगम नाकारण्याचे कारण नाही. नाकारावयाचा आहे तो फ्रिजियन उगम, आणि त्यापेक्षाही तो उगम अलीकडचा होता ही कल्पना. क्रीटमधील इडा पर्वताच्या गुहेत १८८५ साली झालेल्या उत्खननात फेडेरिको हाल्बहेर यांना काशाची एक कोरीव तबकडी मिळाली. इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकांतील या तबकडीवर बैलावर पाय रोवलेला एक दाढीधारी देव दोन्ही हातांनी सिंह डोक्यावर उचलतो आहे, आणि त्याच्या दोन बाजूंस पंख असलेल्या दोन आकृती हाती टिंपानॉनसारखी वाद्ये घेऊन उभ्या आहेत. शैली उघडच ॲसिरियन वळणाची आहे. पण ज्या गुहेत ती अर्पण झाली ती झ्यूसच्या बालपणाशी निगडित गुहा होती, जिथे क्युरेटिसांनी ढालींवर शस्त्रे आपटत नृत्य करून बाळाचे रडणे झाकले अशी कथा आहे. म्हणजे 'बॅकी'मधील क्रीटची जन्मकथा निव्वळ कविकल्पना नव्हती. तिच्यामागे आघातनृत्याची एक खरी स्थानिक परंपरा होती. क्रीटमध्ये ती कांस्ययुगापर्यंत मागे नेता येते. हागिआ त्रिआदा येथील प्रसिद्ध कापणीकऱ्यांच्या पात्रावर मिरवणुकीत एकजण सिस्ट्रम हे खुळखुळ्यासारखे वाद्य हलवतो आहे, आणि आर्खानेसच्या दफनभूमीत मातीचे प्रत्यक्ष सिस्ट्रमच सापडले आहे. ते हातात धरण्याजोगे आहे. कोणी एकेकाळी ते मृतांसाठी वाजवले असेल.

अथेन्सच्या चित्रित मृत्पात्रांचा क्रम मात्र वेगळाच आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून डायोनिससच्या नृत्यांगनांच्या हाती क्रोटाला सर्रास दिसतात. टिंपानॉन तेथे जवळजवळ नाहीच. ते पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रकट होते आणि लवकरच क्रोटालांना मागे सारते. स्पिना येथील थडग्यात मिळालेले व आता फेरारा येथे असलेले इ. स. पू. ४४०-४३० च्या सुमाराचे मोठे क्रेटर याचे उत्तम उदाहरण होय. सिंहासनाधिष्ठित देव-देवीपुढे बेभान नर्तक-नर्तकी, काहींच्या हाती साप, सोबत औलॉस आणि टिंपानॉन. नेपल्समधील, डायनॉस चित्रकाराच्या नावावर असलेल्या इ. स. पू. ४२० च्या सुमाराच्या पात्रावर डायोनिससच्या मुखवट्याभोवती स्त्रिया विधी करीत आहेत. चित्रकाराने त्यांची नावे लिहिली आहेत. त्यांत एक माइनास आहे आणि एक कोरेइआ, म्हणजे साक्षात 'नृत्य'. त्यांच्या या मंडळात टिंपानॉन आहे, आणि समोर मद्याची पात्रे मांडलेली आहेत. या दुसऱ्या चित्रात भय नाही, गोंधळ नाही. एक सुव्यवस्थित विधी चालला आहे.

चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे. क्रोटाला जाऊन टिंपानॉन आले हे चित्रकारांच्या आवडीनिवडीतील परिवर्तनही असू शकेल. पण त्याच काळात अथेन्समध्ये दुसरे एक परिवर्तन घडत होते. पर्शियन युद्धांनंतर 'ग्रीक' आणि 'बर्बर' ही जोडी पक्की होत गेली. एडिथ हॉल यांनी १९८९ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे या घडणीत शोकनाट्याचा वाटा मोठा होता. ज्या दशकांत टिंपानॉन अथेन्समध्ये सर्वत्र ऐकू येऊ लागले, त्याच दशकांत ते परके असल्याचे रंगभूमीवरून सांगितले जाऊ लागले. या दोन घटना एकमेकींशी निगडित आहेत असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

अथेनियनांच्या वर्तनाकडे पाहिले तर विसंगती आणखी ठळक होते. अगोरा या नगरचौकात जुन्या सभागृहाच्या जागी पाचव्या शतकाच्या अखेरीस मेट्रोऑन, म्हणजे देवमातेचे स्थान, होते आणि नगराचे कायदे व ठराव तेथेच ठेवले जात. तेथील मूर्ती फिडिअसची असे पॉसेनिअस म्हणतो. प्लिनी ती त्याचा शिष्य अगोराक्रिटस याच्या नावावर घालतो. या मूर्तीच्या वळणावर घडवलेल्या लहान दगडी प्रतिमा अथेन्समध्ये मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. देवी सिंहासनावर बसलेली, उजव्या हातात तीर्थपात्र, मांडीवर किंवा पायांशी सिंह, आणि डाव्या हाताखाली मोठे टिंपानॉन. ज्या नगरात टिंपानॉन वाजवणारीचा मुलगा असणे हा भरसभेत दोष ठरत होता, त्या नगराचे दस्तऐवज टिंपानॉनधारिणीच्या पहाऱ्यात होते. डेमॉस्थेनीसचे स्वतःचे ठरावही तेथेच ठेवले गेले असणार. मूर्तीच्या हातात वाद्य शोभत होते. ते जिवंत स्त्रीच्या हातात गेले की बोलणी सुरू होत. टिंपानॉनविषयीचा आक्षेप वाद्यावर नव्हता, वाजवणारीवर होता, असे येथे म्हटल्यावाचून राहवत नाही.

किंबालांची हकिगत याहून शांत आहे आणि अभ्यासकांनी तिच्याकडे कमी लक्ष दिले आहे. काशाच्या नादाला ग्रीकांनी एक स्वतंत्र पावित्र्य दिले होते. स्पार्टाचा राजा मरण पावला की स्त्रिया कढया बडवीत नगरभर फिरत असे हिरॉडोटस सांगतो. थिऑक्रिटसच्या एका काव्यावरील प्राचीन टीकेत म्हटले आहे की काशाचा नाद शुद्ध व अशुभनिवारक मानला जाई, म्हणून ग्रहणकाळी व मृत्युप्रसंगी तो करीत. आणि अपोलोडोरसच्या आधारे तेथे अशीही माहिती येते की कोरे देवीला हाक दिली जात असताना मुख्य पुरोहित काशाची थाळी वाजवीत असे. कोरे म्हणजे डिमिटरची पाताळात नेलेली कन्या. पृथ्वीखाली गेलेल्या मुलीला वर बोलावण्यासाठी काशाचा नाद, ही कल्पना अथेन्सच्या सर्वांत प्रतिष्ठित धर्मविधीतली आहे. तिला कोणी परके म्हटले नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयातील एका लहानशा झांजेकडे पाहावे. ती आर्केडियात, दिमित्साना गावाच्या परिसरात मिळाली. पाचव्या शतकातील या झांजेवर चारच शब्दांचा लेख आहे : कामो नावाच्या स्त्रीने ती कोरेला अर्पण केली. देवीच्या नावात डिगामा हे अथेन्समधून केव्हाच लोपलेले अक्षर आर्केडियन बोलीने अजून राखले आहे. फ्रिजिया नाही, उन्माद नाही, रात्रीचे अरण्य नाही. डोंगराळ आर्केडियातली एक स्त्री आपली झांज आपल्या देवीला देते आणि आपले नाव त्यावर कोरून ठेवते. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या त्याच शतकातील झांजांवर याहूनही साधा लेख आहे. झांज स्वतःच सांगते की मी ओआटाची आहे. युरिपिडीसच्या नाटकातील आशियाई स्त्रियांना नावे नाहीत. त्या समूहगीत म्हणतात आणि निघून जातात. ओआटा व कामो यांच्याविषयी नावापलीकडे एकही अक्षर कोणी लिहिलेले नाही, पण ती नावे त्यांनी स्वतः लिहविली आहेत.

लॅकोनिया व मेसेनिया यांच्या सीमेवर टायगेटस पर्वतात आर्टेमिस लिम्नाटिसचे स्थान होते. तिच्या नावाचे लेख असलेल्या काशाच्या झांजा याच भागातून ज्ञात आहेत. हे स्थान कुमारिकांच्या नृत्याशी संबंधित होते. पहिल्या मेसेनियन युद्धाचे कारण म्हणून जी कथा पॉसेनिअसने दिली आहे तीत या देवीच्या उत्सवाला आलेल्या मुलींवरील अत्याचाराचा उल्लेख येतो. पॅलाटाइन काव्यसंग्रहाच्या सहाव्या भागातील एका अज्ञातकर्तृक लघुकाव्यात टिमारेटा नावाची मुलगी विवाहापूर्वी याच देवीला आपल्या वस्तू अर्पण करते : तिची टिंपानॉने, चेंडू, केसांची जाळी, बाहुल्या आणि बाहुल्यांचे कपडे. टिंपानॉन येथे बाहुल्यांच्या रांगेत आहे. ते मुलींच्या नृत्याचे साधन आहे, खेळाचे आणि पूजेचेही, आणि बालपणाबरोबर ते देवीकडे परत जाते. या काव्यात वाद्याला कसलाही खुलासा जोडलेला नाही. त्याचा उगम सांगितलेला नाही, ते कोणत्या देशाचे हे कोणी विचारीत नाही.

हा गट अद्याप एकत्रितपणे अभ्यासला गेला पाहिजे. लेखांकित झांजा निरनिराळ्या संग्रहालयांत विखुरल्या आहेत. त्यांची मापे, वजने, मिश्रधातूचे प्रमाण, आणि दोरीसाठी पाडलेल्या छिद्रांभोवतीची झीज यांची तुलनात्मक नोंद झाल्यास त्या अर्पणासाठीच घडवल्या होत्या की आयुष्यभर वाजवून मग अर्पण केल्या होत्या हे सांगता येईल. कामोच्या झांजेपुरता तरी तो प्रश्न प्रथम सोडवला जावा.